तांबड्या दोऱ्याची डबी

२४ जुलै, गुरुवार

साक्षी म्हणते, वही सुरू करताना आधी नाव लिहायचं असतं. तर मी सोनाबाई. माहेर केम, सासर सोलापूर, भवानी पेठ. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी, कारण दिवाळीनंतर धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवून घेतलं. लग्न होऊन इथं आले तर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मांडीवर सूप ठेवलं, सुपात तंबाखू. तेव्हापासून विड्या वळते. चाळीस वर्षं झाली. अक्षर वाकडं आहे माझं, पण वाचता येतं की.

साक्षी माझी नात, सातवीला. तिच्या वैजयंती मॅडमनी वर्गाला गावाबाहेरच्या वनात नेलं होतं. प्रत्येकीनं एक किडा निवडायचा आणि त्याचा सगळा जन्म वहीत लिहायचा. बाकीच्या पोरींनी फुलपाखरांच्या अळ्या आणल्या म्हणे, हिरव्यागार, शिंगंबिंगं असलेल्या. आमच्या बाईसाहेबांनी काय आणलं, तर करंजाची फांदी, तिची दोन पानं सुरळी झालेली.

मी म्हटलं, "अगं, किडकी फांदी कशाला आणलीस घरात?"

"आजी, जवळनं बघ की. हिनं विडी वळलीया."

आणि खरंच! पान कडेनं आत वळवलेलं आणि चार जागी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेलं. दोरा कुठला, तर तिच्या तोंडातला. मला इतका आनंद झाला की सावित्रम्माला हाक मारली. ती शेजारीण, घरात तेलुगू बोलतात, पण आमच्या दोघींचं मराठीत भांडण चांगलं जमतं. एका ओट्यावर बसून विड्या वळतो आम्ही. तिनं चष्मा लावला, सुरळी फिरवून बघितली आणि म्हणाली, "तोंड मिटवलं न्हाई हिनं. मुकादम छाटात टाकतोय बघ, नापास मालात." मी इतकी हसले की हसता हसता खोकायलाच लागले. पाणी प्यावं लागलं.

ठेवायचं कशात? मग आठवलं. जूनमध्ये चंद्रिका आली होती, आमच्या गल्लीची आशाताई. दोन आठवड्यांच्या वर खोकला कुणाला आहे विचारत होती. मला दोन डब्या देऊन गेली. एकीत तेव्हाची थुंकी, एकीत दुसऱ्या दिवशी सकाळची, तपासायला. मी तिला सांगितलं, "बाई, आमचा खोकला तंबाखूचा. सासूबाईंना होता, सावित्रम्माला हाय, समद्या गल्लीला हाय." तेव्हापासून डब्या फळीवर पडून. चांगल्या आरपार दिसणाऱ्या, घट्ट झाकणाच्या. टाकायला जीव होत नव्हता, ते बरंच झालं. झाकणांना दाभणानं भोकं पाडली आणि एकेक सुरळी आत ठेवली. साक्षीच्या डबीला तांबडा दोरा बांधला, माझ्या डबीला पांढरा. ती तिच्या वहीत लिहिणार, मी माझ्या, आणि शेवटी दोघींचं जुळवून बघायचं.

२६ जुलै, शनिवार

आज ती वळते कशी ते डोळ्यांनी बघितलं. साक्षीनं जुनी सुरळी उलगडली आणि ताजं पान दिलं. अळी बोटाच्या पेराएवढी, फिक्की हिरवी, डोकं काळं. जरा हात लागला की मागच्या मागं पळते, पुढं नाही, मागं! आणि फारच घाबरली तर दोऱ्यावर लोंबकळते.

तर कसं करते. पानाच्या एका कडेला तोंड लावते, मग डोकं फिरवून दुसरीकडं, पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. शंभर वेळा तरी. तो दोरा सुकला की आखडतो आणि पान ओढलं जातं. मग त्याच्या पुढं दुसरा बांधते, तो आणखी ओढतो, की पहिला ढिला पडतो. म्हणजे आम्ही आधी वळतो आणि मग बांधतो, ही आधी बांधते आणि दोराच पान वळवतो. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नाही! आत बसून आपलंच घर कुरतडून खाते, फक्त बाहेरची साल ठेवते. घाण मात्र आत ठेवत नाही, टोकातून बाहेर ढकलते. आमच्या गल्लीतल्या काही जणांना आणून दाखवावी.

रेश्मा, साक्षीची आई, माझी सून, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जाते. संध्याकाळी आली आणि म्हणाली, "आत्या, घरात माणसाला पाय पसरायला जागा न्हाई, आन् अळ्यांना दोन दोन डब्या." पण मग तीही वाकून बघत बसली.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज काही चिरायचं नाही, कापायचं नाही, म्हणून पानाला कात्री नाही. मांडी रिकामी वाटते. अळीला मात्र पंचमी नाही, साक्षीची तर लई खादाड, दोन दिवसांत पान संपवते. कोपऱ्यावरच्या करंजाची पानं मीच तोडून आणते. लोक विचारतात, आजी कशाला? मी म्हणते, माझ्याकडं दोन कामगारणी आहेत.

उकडलेली दिंडं केली होती. साक्षीनं एकच खाल्लं.

ती जन्मल्यापासून माझ्या चादरीत झोपते. प्रदीप, माझा मुलगा, ट्रकवर असतो, महिन्याचे चार दिवस घरी. रेश्मा दमून पडते. मग पोरगी माझ्याकडंच. रेश्मा म्हणते, मोठी झाली, आता वेगळी निजू दे. मी म्हणते, अगं, ती माझ्या खोकल्याच्या तालावर झोपते, तो थांबला तर दचकून उठेल. तिलाही आता बारीक खोकला लागलाय. मी म्हटलं, झाली बघ आमची विडीवाली.

४ ऑगस्ट, सोमवार

दोघींनी कात टाकली. जुनं डोकं टोपीसारखं सुरळीत पडलेलं, मोहरीएवढं काळं. साक्षीनं ते चिमट्यानं उचलून वहीत चिकटपट्टीनं लावलं. नवीन डोकं आधी फिक्कं, संध्याकाळपर्यंत काळं.

साक्षीला संध्याकाळचा बारीक ताप येतोय. सकाळी काही नसतं, खेळते. गल्लीतल्या डॉक्टरनं गोड औषध दिलं.

सावित्रम्मा म्हणाली, "सोना, बारीक झालीस गं." या वयात बारीक झाले म्हणजे बरंच की! पोलकं दोन्ही बाजूंनी आत घेतलं. रेश्मानंच मशिनवर घेतलं. म्हणाली, "आत्या, सोळा वर्षाच्या झालासा."

८ ऑगस्ट, शुक्रवार

साक्षीच्या मानेला वेणी घालताना बोटाला गाठ लागली. सुपारीएवढी, दुखत नाही. मी हळद लावली. ती म्हणते, शाळेत जिना चढताना थांबावं लागतं. मी म्हटलं, खात नाहीस, मग काय होणार. तिला बघून मला तिच्या अळीचा राग आला. ती बघ कशी चरते, आणि ही भाताची चार शितं चिवडत बसते.

मला सकाळी थुंकीत तांबडं दिसलं. दात घासायच्या मशेरीचं असणार, हिरड्या सोलल्यात.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोघींनी खाणं बंद केलं. सुरळीच्या आत पांढरं अस्तर घातलं, अगदी मलमलीसारखं, आणि त्यात कोश झाल्या. तपकिरी, चकचकीत, खारकेच्या बीसारख्या, पण लहान. दोरा नाही, काम नाही, तोंडच नाही. विडी बांधून झाली, आता जुडीत, कट्ट्यात.

साक्षीनं काडीनं हळूच टोचून बघितलं. माझ्या डबीतला कोश शेपटी वळवळवतो, जणू म्हणतो, सर तिकडं. तिच्या डबीतला हलत नाही. "आजी, माझी मेली व्हय गं?" मी म्हटलं, "न्हाई गं, गाढ झोपलीया. लई खाल्लं न्हवं तिनं." तिनं तांबडा दोरा सोडून पुन्हा नीट बांधला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंड्याला उभी असताना पडली. रेश्मानं शिवलेला नवीन युनिफॉर्म होता, तरी अंगावर लोंबत होता. वैजयंती मॅडम रिक्षातून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मी जाईपर्यंत नाकाला नळी लावली होती. छातीत पाणी झालंय म्हणे. सुईनं काढलं. बाटलीभर. पोरगी इतकीशी, त्यात एवढं पाणी मावलं कुठं?

१७ ऑगस्ट, रविवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. टीबी. मी हात जोडले, "आमच्या घरात न्हाई तसलं काही."

त्या म्हणाल्या, "लहान मुलांना मोठ्यांकडूनच लागतो. घरात कुणाला जास्त दिवसांचा खोकला?"

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या आधी बोलले. "कुणाला न्हाई बाई. माझा हाय त्यो तंबाखूचा." त्या पुढं विचारणार होत्या, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचं पोर रडायला लागलं आणि त्या तिकडं गेल्या.

खोटं नाही बोलले मी. तंबाखूचाच आहे. पण वहीत लिहायला काय भीती, म्हणून लिहिते. विडीच्या कारखान्यात कळलं की या बाईला छातीचं आहे, तर घरी वळायला मिळणारं पान-तंबाखू बंद होईल असं मला वाटलं. विड्या लोकांच्या तोंडात जातात. आणि काम बंद झालं तर मी घरात कोण? कोपऱ्यात बसून खाणारी म्हातारी. म्हणून जीभ पटकन चालली.

आता लहान मुलांच्या वॉर्डात म्हाताऱ्या माणसांनी येऊ नका असं सांगितलंय. रेश्मा तिथं राहते. मी डबे पाठवते.

२० ऑगस्ट, बुधवार

आला! आला! सकाळी दिवा लावायच्या आधी बघितलं तर माझ्या डबीतला कोश सुरळीतून अर्धा बाहेर सरकलेला, अंगानंच सरकतो, पाय नाहीत तरी. मी सूप बाजूला ठेवून बसले. फटदिशी फुटला आणि आतून ओलं ओलं काहीतरी निघालं. पंख चुरगळलेले. डबीची कड धरून उभं राहिलं, आणि बघता बघता पंख पसरले. दोन घटकांत कोरडे.

रंग कसला सांगू, आमच्या भिजवलेल्या पानाचा. तपकिरी, त्यावर तिरका गडद पट्टा. पंख मिटून बसला की देवळातल्या घंटेसारखा दिसतो. भिंतीवर बसला तर कुणी म्हणेल, विडीच्या पानाचा कपटा उडून चिकटला.

सावित्रम्मा म्हणाली, "एवढं वळून वळून शेवटी पानच झाली की गं."

रेश्माच्या फोनवर साक्षीला सांगितलं. तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "कुठल्या डबीतनं, आजी?"

मी म्हटलं, "तांबड्या."

कसं तोंडून गेलं कळलं नाही. पण ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "मंग तुझी हरली."

पतंग ओट्यावरून सोडून दिला. करंजाकडं गेला असं मी धरून चालते. साक्षीच्या पुस्तकात लिहिलंय, मादी पानावर चपट्या अंड्यांची चकती घालते, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. आठवडाभर जगतो फक्त. तोंड असून नसल्यासारखं.

२३ ऑगस्ट, शनिवार

साक्षीचा ताप उतरत नाही. औषधं चालू आहेत, दवाखान्यात नऊ दिवस झाले. दुसऱ्या बाजूलाही पाणी झालंय. रेश्मा बाहेर येऊन फोनवर बोलली. डॉक्टरीणबाई म्हणतात, काही टीबीला नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. हिच्या छातीतलं काही हाती लागत नाही तपासायला, थुंकी सुटत नाही, काढलेल्या पाण्यातही जंतू सापडले नाहीत. ज्याच्याकडून लागलं ते माणूस सापडलं असतं तर त्याच्या थुंकीतून कळलं असतं कुठलं औषध द्यायचं.

मी विचारलं, डबा पोचला का. दुपारी देवापुढं बसून सांगितलं, तिचा ताप उतरेपर्यंत मशेरीला हात लावणार नाही.

संध्याकाळी तांबड्या दोऱ्याची डबी हलायला लागली! म्हणजे आतलं काहीतरी. मी धावत उजेडात नेली. कोशाच्या डोक्याला गोल भोक, सुईनं केल्यासारखं, आणि बाहेर आलेलं उभं. पंख आहेत! म्हणजे माझं बोलणं खरंच झालं की, हिचाही आला. पण हा वेगळाच. काळा, चकचकीत, लांबट, कंबर दोऱ्याएवढी. शिंगं सारखी थरथरतात. पंखावर रंग नाही, काचेसारखे. मला वाटलं असेल नर. बायका आणि पुरुष कुठं सारखे दिसतात?

२५ ऑगस्ट, सोमवार

शाळा सुटल्यावर वैजयंती मॅडम आल्या, साक्षीची चौकशी करायला. चहा केला. मग आनंदानं डबी दाखवली, म्हटलं बघा, तुमच्या वर्गातल्या पोरीचा किडा.

त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "आजी, हा पतंग नाही."

"मंग?"

"ही एक बारीक गांधीलमाशी असते. ती अळीच्या अंगात अंडं घालते. आतून ते अळीला खात वाढतं. जीव जाईल असं काही आधी खात नाही. अळी चालते, खाते, पान वळते."

"आन् अळीला कळत न्हाई?"

"नाही."

"कधी घातलं अंडं? आमच्या घरात?"

"नाही हो. तुम्ही आणलीत तेव्हा आधीच होतं."

मी म्हटलं, म्हणजे वीस दिवस मी हिला पानं आणून घातली ती कुणासाठी? त्या डबी हातात फिरवत होत्या. खालच्या बाजूचा कागद मी कधी वाचलाच नव्हता, अक्षर बारीक. त्यांनी वाचला. नाव, वय, तारखेची रिकामी जागा, थुंकी नमुना.

"आजी, ही डबी कुणासाठी दिली होती?"

मला खोकला आला. नेमका तेव्हाच. तोंडाला पदर लावला आणि थांबेचना. त्या उठून उभ्या राहिल्या, दाराकडं सरकल्या, मग स्वतःलाच लाज वाटल्यासारखं पुन्हा जवळ आल्या.

"कधी दिली होती?"

"जूनमध्ये."

त्या जाताना मी हात धरून एवढंच म्हटलं, "मॅडम, साक्षीला सांगू नका. तिला वाटतंय तिचा पतंग झाला." त्यांनी मान हलवली. आणि म्हणाल्या, "मी नाही सांगणार. पण दुसरं जे आहे, ते तुम्ही सांगा. आजच."

२६ ऑगस्ट, मंगळवार

काल सांगितलं नाही. रात्रभर उशी तोंडावर धरून खोकले, शेजारी कुणी नसताना. चादरीत साक्षीची जागा रिकामी होती तरी मी भिंतीकडं तोंड करून झोपले.

सकाळी चंद्रिकाकडं गेले. तिच्या दारात उद्याच्या गणपतीची तयारी, तिची सासू दूर्वा निवडत होती. मी आत गेले नाही. रस्त्यावरूनच म्हटलं, "तुझ्या डब्यांत मी अळ्या पाळल्या."

तिला कळेना. मग सगळं सांगितलं. खोकला मागच्या दिवाळीपासूनचा, पोलकं आत घेतलेलं, तांबडं दिसतं ते, आणि दवाखान्यात काय बोलले ते. मला वाटलं रागावेल. तिनं पिशवीतून दोन नवीन डब्या काढल्या आणि एक कापड दिलं तोंडाला बांधायला. म्हणाली, "आजी, एक आत्ता द्या, एक उद्या सकाळची. यातनं कुठलं औषध लागू पडतंय ते पण कळतंय. मी स्वतः नेते. डॉक्टरांना फोन करते." मग हळूच म्हणाली, "मी पण जूनमध्ये परत यायला पायजे होतं."

गल्लीत सगळ्यांच्या देखत घेतल्या डब्या. सावित्रम्मा ओट्यावर होती. तिची कात्री थांबली. मला वाटलं आता सूप घेऊन आत जाईल. ती चंद्रिकाला म्हणाली, "मला पन दे दोन."

रेश्माला फोन केला. तिलाही सगळं सांगितलं. मागं वॉर्डातला आवाज येत होता. शेवटी म्हणाली, "आत्या, त्या दिवशी मी तुमच्याकडं बघितलं होतं." आणि फोन ठेवला.

ही वही आता साक्षीला दाखवता येणार नाही. दोघींचं जुळवायचं होतं.

२७ ऑगस्ट, बुधवार

उजाडलं तेव्हा गल्लीत ताशा वाजायला लागला होता. चंद्रिकानं सांगितल्याप्रमाणे उघड्यावर गेले, मागच्या नळापाशी. साध्या पाण्यानं चूळ भरली. दोनदा श्वास आत घेतला. मग छातीच्या तळातून.

डबीवर आधीच नाव घातलं होतं. सोनाबाई, वय एकसष्ट, भवानी पेठ. वाकडं अक्षर, पण वाचता येतं.

झाकण लावून उजेडात धरली. आत तांबडं होतं, दोऱ्यासारखं बारीक. मशेरी मी शनिवारपासून लावलेली नाही.